दाढ दुखत नाही, पण मुळाशी सावली आहे आणि सीआरपी वाढलंय: काय समजायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५८, मधुमेह बराच जुना, गुडघे आणि हाताची बोटं दुखतात. फिजिशियननी केलेल्या तपासण्यांत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) ८.२ आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) ७ आलं. दातांच्या ओपीजी एक्स-रेत दोन दाढांच्या मुळाशी काळी सावली दिसली: खालची डावी आणि वरची उजवी. वरच्या दाढेचं रूट कॅनाल जुनं आहे, वर कॅप आहे. दुखत दोन्हींपैकी एकही नाही. नातेवाइकांनी पाठवलेल्या व्हिडिओत सांगितलंय की रूट कॅनाल केलेला दात शरीरभर विष सोडतो, सांधेदुखी, मधुमेह, हृदयविकार सगळं त्यातूनच येतं, म्हणून असे दात काढून टाका. घराजवळच्या डेंटिस्टनी सांगितलं, दुखत नाही ना, मग राहू द्या. खरं काय मानायचं?

मी गेली अनेक वर्षं फक्त रूट कॅनालचंच काम करतो. माझं मत आधीच सांगतो: हे दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. मुळाशी संसर्ग असेल तर तो दुखत नसला तरी संसर्गच आहे, त्याची नोंद रक्तात होते आणि त्यावर उपचार व्हायला हवेत. पण आईच्या सांधेदुखीचं, साखरेचं आणि सीआरपीचं खापर त्या दोन दाढांवर फोडून दात उपटणं म्हणजे मूळ आजार शोधायचाच सोडून देणं. आता हे का म्हणतो ते जरा सविस्तर.

कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की तोंडातले जंतू आत शिरतात. नस म्हणतो ती खरं तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी यांचा एक मऊ धागा असतो, चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला. सूज आली की तिला फुगायला जागा नसते. म्हणून सुरुवातीला रात्रीची झोप उडवणारी कळ येते. काही दिवसांनी कळ थांबते आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात: लवंग लागू पडली, मेडिकलमधल्या गोळीनं काम झालं. प्रत्यक्षात नस मेलेली असते. मुळातल्या ज्या नळीत ती होती, तिथे आता रक्त जात नाही. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, आणि गोळीतून घेतलेलं औषधही तिथे पोचत नाही. अंधार, ओल, खायला मेलेल्या पेशी आणि प्राणवायू जवळजवळ नाही, अशा जागी ऑक्सिजनविना वाढणारे जंतू आरामात घर करतात.

या सगळ्याचं मूळ जंतूच आहेत, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुंदर प्रयोगानं दाखवलं. त्यांनी उंदरांच्या दातांची नस मुद्दाम उघडी केली. साध्या उंदरांमध्ये नस मेली, मुळाशी गळू झालं. पण जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये, उघड्या नसेत अन्न अडकूनही, नस जिवंत राहिली आणि जखमेवर नवा कठीण थर तयार झाला. पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी मार लागून नस मेलेले, पण वरून अख्खे असलेले मानवी दात तपासले. ज्यांच्या आत जंतू सापडले त्यांच्याच मुळाशी हाड विरघळलेलं होतं. नस नुसती मेलेली असणं पुरेसं नव्हतं. 'मेलेला दात विषारी' या कल्पनेला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. त्रास देतो तो संसर्ग. दातात जिवंत नस नसणं हा आजार नव्हे.

मुळाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. त्यातून जंतू आणि त्यांच्या भिंतींचे तुकडे जबड्याच्या हाडाकडे झिरपतात. तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे शरीराचं संरक्षक दल लगेच धावून येतं आणि शेताला बांध घालावा तसा मुळाच्या टोकाभोवती पेशींचा वेढा उभा करतं. या वेढ्याला जागा करून देण्यासाठी आजूबाजूचं हाड विरघळवलं जातं. एक्स-रेत काळी सावली दिसते ती हीच. बांधामुळे जंतू बहुतेक आतच अडकून राहतात, म्हणून दुखत नाही. पण नळीतले जंतू मरत नाहीत आणि बांध कधी हटत नाही. ही लढाई वर्षानुवर्षं चालू राहते.

आता शरीराशी संबंध कसा येतो ते पाहू. त्या वेढ्यातल्या पेशी सतत रासायनिक निरोप सोडत असतात: इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी त्यांची नावं. यांतला इंटरल्युकिन-६ रक्तातून यकृताला पोचला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं. सीआरपी हा कुठल्या एका अवयवाचा रिपोर्ट नाही. शरीरात कुठेतरी दाह चालू आहे एवढंच ते सांगतं. मुळाशी जुना संसर्ग असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या रक्ताची तुलना करणारे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर संसर्ग असलेल्यांत सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ सरासरीनं थोडे जास्त सापडतात. हे मी ठामपणे सांगू शकतो. मात्र 'थोडे' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे.

दुसरा मार्ग थेट जंतूंचा. हिरडी किंवा मुळाशी सूज असेल तर चावताना, ब्रश करताना, दात काढताना काही जंतू रक्तात शिरतात. २००८ मध्ये अमेरिकेत लॉकहार्ट यांच्या गटानं २९० लोकांवर केलेल्या अभ्यासात, हृदयाच्या झडपांना धोका देऊ शकणारे जंतू नुसत्या ब्रश करण्यानंतर २३ टक्के लोकांच्या रक्तात सापडले आणि अँटिबायोटिक न देता दात काढल्यावर ६० टक्क्यांत. निरोगी माणसात हे जंतू थोड्याच वेळात नष्ट होतात. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, ज्यांना आधी झडपेचा जंतुसंसर्ग होऊन गेलाय किंवा काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष आहेत, त्यांच्यासाठी मात्र ही गोष्ट गंभीर आहे. अशा रुग्णांना दाताच्या उपचाराआधी अँटिबायोटिकचा एक मोठा डोस देतात. आईंना यांतलं काही असेल तर डेंटिस्टना खुर्चीत बसायच्या आधीच सांगा.

हृदयविकाराचा पुरावा लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, म्हणून त्याबद्दल नीट बोलू. फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे हार्ट अटॅक आलेल्या १०१ रुग्णांच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या गुठळ्या तपासल्या गेल्या. २०१३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ७८ टक्के गुठळ्यांमध्ये तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा डीएनए मिळाला. यांतल्या ज्या रुग्णांच्या दातांचे एक्स-रे उपलब्ध होते, त्यांत मुळाशी संसर्ग आणि गुठळीतले जंतू यांचा संबंध ठळक दिसला. पण असे रुग्ण होते फक्त ३०. हेलसिंकीच्या २०१६ मधल्या अभ्यासात हृदयाची अँजिओग्राफी झालेले ५०८ रुग्ण होते. मुळाशी संसर्ग असून ज्यांच्या दातांना उपचार मिळालेले नव्हते, त्यांच्यात हृदयाचा तीव्र झटका येण्याचं प्रमाण सुमारे २.७ पट आढळलं. याउलट स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या हजारावर स्त्रियांच्या २००३ मधल्या अभ्यासात मुळाचा संसर्ग आणि हृदयविकार यांचा संबंध सापडला नाही.

मग निष्कर्ष काय काढायचा? गुठळीत डीएनए मिळाला म्हणजे जंतूंनी गुठळी केली असं सिद्ध होत नाही. ते वाहत येऊन तिथे अडकलेही असू शकतात. शिवाय ज्याच्या तोंडात चार दात सडलेले आहेत, तो बऱ्याचदा तंबाखू खाणारा, मशेरी लावणारा किंवा सिगारेट ओढणारा असतो, मधुमेही असतो, दवाखान्यात वेळेवर जाणं त्याला परवडत नाही. या प्रत्येक गोष्टीनं हृदयही बिघडतं. आकडेशास्त्रानं हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे निघत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये हिरडीच्या आजाराबद्दल, जिथे पुरावा मुळाच्या संसर्गापेक्षा कितीतरी जास्त आहे, हेच म्हटलं: संबंध आहे, पण हिरडीच्या आजारामुळेच हृदयविकार होतो किंवा हिरडीच्या उपचारानं तो टळतो, असा पुरावा नाही.

संबंध दिसणं आणि उपचारानं फरक पडणं यांत किती अंतर असतं, याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. हिरडीचा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त होतात असं दिसलं होतं. मग २००६ मध्ये अमेरिकेत आठशेवर गरोदर स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले. हिरड्या सुधारल्या, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण घटलं नाही. उपचार सुरक्षित ठरले, हा त्यातला मोठा फायदा. पण अपेक्षा पुरी झाली नाही.

मधुमेहाच्या बाबतीत मी जास्त आग्रही आहे, कारण तिथे गाडी दोन्ही दिशांनी धावते. साखर वाढलेली असेल तर मुळाशी संसर्ग जास्त प्रमाणात सापडतो आणि उपचारानंतर हाड भरून यायला वेळ लागतो. उलट बाजूनं, चालू असलेला दाह इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. हिरडीच्या उपचारानंतर एचबीए१सी ३-४ महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, हे अनेक चाचण्या एकत्र करून दाखवलेलं आहे. एखादी जास्तीची गोळी सुरू करावी इतका तो फरक आहे. रूट कॅनालबद्दल एवढा भक्कम पुरावा अजून जमलेला नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या २०२५ च्या एका अभ्यासात रूट कॅनाल केलेल्या ६५ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या रक्तातली साखर आणि चरबीशी निगडित काही घटक सुधारलेले दिसले. अभ्यास छोटा आहे. त्याच्या जोरावर मी कुणाला 'दात नीट करा, साखर उतरेल' असं म्हणणार नाही. पण साखर काबूत येत नसलेल्या रुग्णाच्या तोंडात लपलेला संसर्ग शोधा, असा आग्रह प्रत्येक फिजिशियनकडे नक्की धरेन.

इथेच एक सांगतो, जे तुमच्या प्रश्नात नाही. आईंच्या हिरड्या कुणी तपासल्या का? मुळाच्या टोकाची सावली काही मिलिमीटरची असते. पण सगळ्या तोंडभर हिरडीचा आजार असेल, तर दातांभोवतीच्या सुजलेल्या, जंतूंना भिडलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं असा एक अंदाज आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या मधुमेही व्यक्तीत हिरड्यांचा आजार असण्याची शक्यता खूप असते आणि तोही दुखत नाही. शरीरावरचा दाहाचा भार कमी करायचा असेल तर दोन दाढांइतकंच, कदाचित त्याहून जास्त, लक्ष हिरड्यांकडे द्यावं लागेल.

आता त्या व्हिडिओकडे. त्यातली कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं मॉन्ट्रियलमध्ये भाषण दिलं आणि सडलेल्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या तेव्हाच्या दंतवैद्यकावर सडकून टीका केली. टीकेत तथ्य होतं, कारण तेव्हा एक्स-रे नवा होता आणि सोन्याखाली पू साचलेला असे. पण त्यातून लाट उसळली. क्लीव्हलंडचे डेंटिस्ट वेस्टन प्राइस यांनी रुग्णांचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, आणि १९२३ मध्ये त्यांनी दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. दात काढताना त्यावर हिरडीतले जंतू लागतात, असा दात सशाच्या अंगात घातला तर ससा आजारी पडणारच, ही साधी गोष्ट त्या प्रयोगांत हिशेबात धरली गेली नव्हती. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी तर वेड दातांतून येतं असं धरून रुग्णांचे दात काढले, टॉन्सिल काढले, पुढे आतडीही कापली. त्यात माणसं मेली. अखेर १९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडला. दात आणि टॉन्सिल काढून संधिवात बरा होत नव्हता. सेसिल स्वतः पूर्वी या विचाराचे समर्थक होते, म्हणून त्यांच्या या प्रांजळपणाबद्दल मला फार आदर वाटतो. त्यानंतर ही लाट ओसरली. आता ती मोबाइलवर परत आलीय, आणि त्या शंभर वर्षांत किती लोकांचे चांगले दात हकनाक गेले हे सांगायला कुणी उरलं नाही याचं वाईट वाटतं.

काही अभ्यासांत रूट कॅनाल जास्त झालेल्या लोकांत हृदयविकार थोडा जास्त दिसतो, हे खरं आहे. पण ज्या माणसाचे चार रूट कॅनाल झालेत, त्याला आधी चार दातांत खोल संसर्ग झालेला होता. पावती पाहून आजार मोजण्यासारखं आहे ते. पाहायचं असतं ते हे की मुळाशी आज संसर्ग आहे की नाही.

म्हणूनच तुमच्या आईंच्या दोन दाढा मी एका पारड्यात टाकणार नाही.

खालच्या दाढेवर अजून उपचार झालेला नाही. ओपीजी हा सगळ्या जबड्याचा ढोबळ फोटो आहे, त्यावर निदान करू नये. त्या दाढेचा तोंडात ठेवून काढायचा छोटा एक्स-रे लागेल, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे थंडाची चाचणी. कापसाचा गार केलेला बोळा दाढेला लावला आणि शेजारच्या दातांसारखंच गार लागलं, तर नस जिवंत आहे. मग मुळाशी दिसणारी सावली कीड-संसर्गाची नसण्याचीच शक्यता जास्त. खालच्या जबड्यात मज्जातंतू बाहेर पडायचं नैसर्गिक छिद्र असतं, ते शेजारच्या उपदाढेच्या मुळावर येऊन सावलीसारखं दिसतं. चाळिशीपुढच्या स्त्रियांमध्ये खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी हाडाचा एक निरुपद्रवी बदल होतो. तो सुरुवातीला हुबेहूब संसर्गासारखा काळा दिसतो आणि दात मात्र पूर्ण जिवंत असतात. अशा जिवंत दातांचं रूट कॅनाल झालेले रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा मन खट्टू होतं. उलट बाजूही आहे: साध्या एक्स-रेत सावली दिसायला हाडातलं बरंच खनिज, अंदाजे तिसरा हिस्सा ते निम्मं, गेलेलं असावं लागतं. म्हणजे सावली नाही म्हणून संसर्ग नाही, असंही नसतं.

नस मेलेली निघाली आणि दाढेची भिंत पुरेशी शिल्लक असेल तर रूट कॅनाल करा. चांगल्या रूट कॅनालमध्ये दातावर रबराचा पातळ पडदा बसवतात, म्हणजे लाळेतले जंतू आत जात नाहीत. नळ्या घासून आकार देतात, पण खरी सफाई हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणानं होते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. पंधरा मिनिटांत उरकलेल्या कामावर माझा विश्वास नाही. डेंटिस्टना बिनधास्त विचारा, रबर डॅम, म्हणजे तो पडदा, लावता का? हा प्रश्न विचारल्यानं कुणी चांगला डॉक्टर नाराज होत नाही. सावली असलेल्या दातांत नीट केलेल्या उपचाराचं यश साधारण पाचातल्या चार दातांत मिळतं; सावली पडायच्या आधीच केलं तर त्याहून चांगलं. हाड लगेच भरत नाही. वर्षभरानं एक्स-रे काढून सावली आक्रसतेय का पाहायचं. पूर्ण भरायला कधीकधी चार वर्षं लागतात, मधुमेहात थोडी जास्तच सबुरी ठेवावी लागते.

वरची, जुन्या रूट कॅनालची दाढ जरा जास्त विचार मागते. पहिला प्रश्न: उपचाराच्या वेळचा एक्स-रे घरात कुठे सापडतो का? जुन्या फायली, पिशव्या शोधा. तेव्हा सावली मोठी होती आणि आज लहान असेल, तर ती भरत आलेली जखम किंवा तिचा व्रण असू शकतो आणि फक्त लक्ष ठेवणं पुरेसं आहे. तेव्हा सावली नव्हती आणि आज आहे, किंवा होती त्यापेक्षा वाढलीय, तर संसर्ग चालू आहे. वरच्या पहिल्या दाढेत याचं नेहमीचं कारण मला विचाराल तर राहून गेलेली चौथी नळी. या दाढेला तीन मुळं असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना दुसरी, केसासारखी बारीक नळी असते. सूक्ष्मदर्शकाशिवाय ती सापडणं अवघड, आणि पूर्वी ते सर्रास नव्हते. दुसरं कारण कॅपच्या कडेची गळती: कॅपखाली कीड लागून जंतू वरून पुन्हा आत उतरतात. तिसरं, मुळाला उभी चीर. हे ओळखायला त्या एका दाढेपुरता सीबीसीटी स्कॅन (त्रिमितीय एक्स-रे) काढावा. अख्ख्या तोंडाचा नको.

नळी राहिलेली असेल तर पुन्हा रूट कॅनाल करता येतं. ते जमत नसेल तर हिरडी बाजूला करून मुळाचं टोक कापायची छोटी शस्त्रक्रिया आहे. मूळ उभं चिरलं असेल किंवा दाढ हिरडीखाली सडली असेल, तर ती काढा, आणि मनात काही किंतु ठेवू नका. असा दात वाचवण्याचा हट्टही चुकीचाच. वरच्या दाढेची मुळं सायनसला खेटून असतात, म्हणून आईंना एकाच, उजव्या बाजूचं नाक चोंदणं, घाण वास येणारा शेंबूड असा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. सर्दी-सायनस म्हणून वर्षानुवर्षं औषधं घेतलेले आणि खरा उगम दाढेत असलेले लोक नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून आमच्याकडे नियमित येतात.

अँटिबायोटिकबद्दल कडक बोलायलाच हवं. आपल्याकडे दाढ दुखली की मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स आणायचा आणि सूज उतरली की विसरायचं, हा रिवाजच झालाय. वर सांगितलं तसं नळीत रक्त जात नाही, त्यामुळे औषध तिथे जात नाही. बाहेर पसरलेले जंतू मरतात, सूज उतरते, आतला साठा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी तेच औषध कमी पडतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही हेच आहे: दातावर प्रत्यक्ष उपचार होणार असेल तर बहुतेक रुग्णांना अँटिबायोटिक लागत नाही; ताप, पसरणारी सूज अशी लक्षणं असतील तर लागतं. आईंना दुखत नाही, सूज नाही, ताप नाही. त्यांना आज अँटिबायोटिकची गरज नाही. सीआरपी ७ आहे म्हणून तर अजिबात नाही.

सीआरपीचा आकडा वाचताना आधी एकक पाहा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोघांत दहापटीचा फरक आहे. लिटरमागे ७ असेल तर ते किंचित वाढलेलं आहे. पोटाचा घेर वाढलेला असणं, मधुमेह, हिरड्यांचा आजार, नुकतीच झालेली सर्दी, लघवीतला संसर्ग, यांतलं काहीही ते इतकं वाढवू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी, ताप-सर्दी नसताना पुन्हा करा. दाताचा उपचार सुरू असताना किंवा झाल्याझाल्या मात्र करू नका. तोंडात मोठी सफाई झाली की पहिले काही दिवस सीआरपी उलट चढतं आणि मग उतरतं. २००७ मध्ये लंडनच्या एका चाचणीत हिरड्यांच्या जोरदार उपचारानंतर असंच झालं: दुसऱ्याच दिवशी दाह वाढलेला, आणि सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांचं काम आधीपेक्षा चांगलं. त्यामुळे उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी तपासलेलं बरं. तेव्हा ते ७ वरून ४ झालं तर आनंद माना, आणि नाही उतरलं तर दातांत परत कारण शोधत बसू नका.

बोटांच्या दुखण्याला स्वतंत्र तपासणी हवी. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त आखडलेली राहतात का? बोटांच्या मुळाशी आणि मधल्या सांध्यांवर दाबल्यावर मऊ सूज लागते का? असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा, आमवात ओळखायला मदत करणारी अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी करा. आमवातात, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते त्या संधिवातात, पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. 'आधी दात काढून बघू' म्हणत ते महिने गेले, तर व्हिडिओ बनवणारा परत येऊन ते भरून देणार नाही. आमवाताचा तोंडाशी संबंध आहे, नाही असं नाही. हिरडीच्या आजारातला पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू शरीरातल्या प्रथिनांत असा बदल करतो की प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजू लागते, असा विचार आज गंभीरपणे अभ्यासला जातोय. पण तो धागा प्रामुख्यानं हिरडीचा आहे, रूट कॅनाल केलेल्या दाढेचा नाही.

सावकाश केलं तर चालेल, की घाई? दुखत नसलेल्या सावलीसाठी आठवडाभरात धावपळ करायची गरज नाही, वर्षभर टाळायचंही नाही. येत्या महिन्या-दोन महिन्यांत करून घ्या. साखर ८.२ आहे म्हणून रूट कॅनाल थांबवू नये. मात्र गालावर सूज आली, ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली किंवा हनुवटीखाली फळीसारखं टणक झालं, श्वासाला त्रास व्हायला लागला, तर क्लिनिक उघडायची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. खालच्या दाढेचा संसर्ग घशाच्या बाजूनं पसरला तर काही तासांत श्वासनलिका दाबली जाऊ शकते, आणि मधुमेहात हे जास्त वेगानं होतं.

जाताना सगळे जुने एक्स-रे, एचबीए१सी आणि आत्ता सुरू असलेल्या औषधांची यादी सोबत न्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन कधी घेतलं असेल तर ते ठळक लिहा, अगदी दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेलं असलं तरी. त्या औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरत नाही, आणि मग काढण्यापेक्षा रूट कॅनालकडे कल ठेवावा लागतो. वेळ सकाळची घ्या. आईंना नेहमीचा नाश्ता आणि साखरेची नेहमीची गोळी घेऊनच न्या. उपाशी नेऊ नका.